गैरसमज इंग्रजीत लिहिताना वाक्य कुठे बिघडते? डाएटवरच्या पोस्टर आणि प्रोजेक्टसाठी तपासणी

लक्षणे

तुमच्या पोस्टरवर, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये किंवा पीपीटीत यापैकी एखादे वाक्य असेल, तर बिघाड आहे असे धरून चाला:

"पीपल हॅव मिसअंडरस्टँडिंग ऑफ डाएट."
"व्हिलेज लेडीज आर डूइंग राँग डाएट ड्यू टू ब्लाइंड फेथ."
"इट इज अ मिथ दॅट बनाना डज नॉट कॉज कोल्ड."
"पीपल नो दॅट राइस मेक्स फॅट."
"डाएट सुपरस्टिशन्स इन रूरल एरिया."
"प्रेग्नंट वुमन शुड नॉट ईट हॉट फूड, धिस इज देअर थिंकिंग."

लिहिणाऱ्याच्या डोक्यात यातल्या प्रत्येक वाक्याचा मराठी आशय स्वच्छ असतो. बिघाड कळतो तो वाचणाऱ्याकडे. बाहेरून आलेला परीक्षक वाक्याखाली रेघ ओढून प्रश्नचिन्ह काढतो. व्हायव्हात "व्हॉट डू यू मीन?" असे विचारले जाते आणि विद्यार्थिनी मराठीत सगळे बरोबर सांगते. एकच पोस्टर वाचून एक जण म्हणते केळे चालते, दुसरी म्हणते चालत नाही. किंवा तेच वाक्य ॲपमधून परत मराठीत आणले की आपण लिहिलेच नव्हते असे काहीतरी बाहेर येते.

राष्ट्रीय पोषण माह २०१८ पासून दर सप्टेंबरात होतो. महिना लागला की यवतमाळ-अमरावतीकडच्या नर्सिंग कॉलेजातून, होम सायन्सच्या विभागांतून, उपकेंद्रांतून हे मजकूर माझ्याकडे तपासायला येतात. विषय ठरलेला, चुकाही जवळपास ठरलेल्या. म्हणून माझ्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने लावून देते आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना पेन्सिल पुरते, मधल्यांना थोडे नेट लागते, शेवटच्या तपासणीला जाणकार माणूस लागतो.

तपासताना एकच गोष्ट डोळ्यासमोर ठेवा. वाचणाऱ्याला वाक्यातच तीन उत्तरे मिळाली पाहिजेत: समज काय आहे, तो कोणाचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे कोणत्या शब्दाने सांगितले आहे. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात बिघाड बहुतेक या तिसऱ्या जागी सापडतो.

१. 'नॉट' भोवती गोल करा

हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात आधी करायचे, कारण इथे चूक झाली तर अर्थ उलटा होतो. बाकीच्या चुकांनी इंग्रजी ओबडधोबड दिसते, या चुकीने गावात खोटी माहिती जाते.

"इट इज अ मिथ दॅट" याच्यापुढे जे येते, तो चुकीचा समज असतो. म्हणजे "इट इज अ मिथ दॅट बनानाज डू नॉट कॉज कोल्ड्स" याचा अर्थ झाला: केळ्याने सर्दी होत नाही ही समजूत खोटी आहे, म्हणजेच केळ्याने सर्दी होते. लिहिणाऱ्या मुलीला नेमके उलट सांगायचे होते.

ही चूक का होते तेही पाहा, म्हणजे पुढच्या वेळी हात आपोआप थांबेल. आपण बोलताना म्हणतो, "केळ्याने सर्दी होत नाही, गैरसमज आहे तो." ही दोन वाक्ये आहेत. मध्ये आवाज थांबतो आणि "तो" हा शब्द लोकांच्या समजाकडे बोट दाखवतो. ऐकणारा बरोबर अर्थ घेतो. तीच दोन वाक्ये इंग्रजीत 'दॅट' लावून एकात जोडली की तो थांबा जातो आणि 'नॉट' समजाच्या पोटात शिरतो.

दुरुस्ती सोपी आहे, पुन्हा दोन वाक्ये करा. "मेनी पीपल थिंक बनानाज गिव्ह यू अ कोल्ड. दे डोन्ट. कोल्ड्स आर कॉज्ड बाय व्हायरसेस." पहिल्यात समज आणि तो कोणाचा ते आले, दुसऱ्यात तो चूक आहे हे आले, तिसऱ्यात खरे कारण आले.

पोस्टर असेल तर अक्षरांचा आकारही याच तपासणीत बघा. एका पोस्टरवर "राइस मेक्स यू फॅट" लाल रंगात वीतभर अक्षरांनी लिहिले होते आणि 'मिथ' हा शब्द वरच्या कोपऱ्यात पिवळ्या स्केचपेनने. दोन पावलांवरून पिवळे दिसतच नव्हते. लसीकरणाला लेकरू कडेवर घेऊन आलेली बाई लाल वाक्य वाचून पुढे जाणार. मोठ्या अक्षरात नेहमी खरे वाक्य लिहा: "यू कॅन ईट राइस अँड स्टे हेल्दी." समज त्याखाली, लहान अक्षरात, "सम पीपल बिलीव्ह" लावून.

२. क्रियापद बघा: 'नो' आहे की 'थिंक'?

"पीपल नो दॅट राइस मेक्स यू फॅट" असे लिहिले की तुम्ही स्वतः ते खरे मानले. 'नो', 'रिअलाइझ', 'आर अवेअर' या क्रियापदांच्या मागे आलेली गोष्ट इंग्रजीत खरीच धरली जाते. चुकीच्या समजासाठी 'थिंक', 'बिलीव्ह', 'अझ्यूम' घ्या. 'रॉन्गली' जोडले तर शंकाच उरत नाही: "मेनी पीपल रॉन्गली बिलीव्ह दॅट स्किपिंग डिनर इज द बेस्ट वे टु लूझ वेट."

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो हाच साचा. मिथ लिहू की मिसकन्सेप्शन, हा प्रश्नच येत नाही. इंग्रजीचा धाक वाटत असेल त्यांनी सगळे पोस्टर या एका साच्यात लिहिले तरी चालेल.

३. 'डाएट', 'लूझ' आणि 'फॅट' हे तीन शब्द शोधा

मराठीत "मी डाएटवर आहे", "डाएट चालू आहे" असे आपण म्हणतो तेव्हा डाएट म्हणजे वजन उतरवण्यासाठी खाण्यावर आणलेले बंधन. इंग्रजीत हा शब्द दोन कामे करतो. "द डाएट ऑफ फार्म वर्कर्स इन यवतमाळ डिस्ट्रिक्ट" म्हणजे त्यांचा रोजचा आहार: ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. आणि "शी इज ऑन अ डाएट" म्हणजे तिने वजनासाठी खाणे बांधून घेतले आहे. 'डू डाएट' आणि 'टेक डाएट' खोडून टाका. 'बी ऑन अ डाएट', 'गो ऑन अ डाएट' असे लिहा, त्यातला 'अ' गाळू नका.

शीर्षक बघण्याचीही हीच वेळ. 'मिसकन्सेप्शन्स अबाउट डाएटिंग' असे शीर्षक असेल तर आत वजन कमी करण्याबद्दलचेच समज हवेत: रात्रीचे जेवण सोडणे, भात बंद, तेल बंद, सकाळी लिंबूपाणी. गरोदरपणी पपई खाऊ नये, ताप आला की दही बंद, हे डाएटिंगमध्ये बसत नाही. गावातल्या सर्व्हेत बहुतेक माहिती दुसऱ्या प्रकारची निघते. मग शीर्षक 'मिस्टेकन बिलीफ्स अबाउट फूड' असे करा. शीर्षक एक आणि आतला मजकूर दुसरा असला की परीक्षक तिथेच अडतो.

'लूझ'चे स्पेलिंग एल-ओ-एस-ई. दोन 'ओ' घातले की तो 'लूस', म्हणजे सैल. स्पेलचेकर ही चूक धरेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द इंग्रजीत आहेत.

'फॅट'च्या बाबतीत "राइस मेक्स फॅट" अर्धवट राहते, कोणाला ते कळत नाही. "राइस इज फॅटी" याचा अर्थ भातात चरबी आहे असा होतो आणि तो चूकच आहे, भातात चरबी नावापुरती असते. "भाताने वजन वाढते असे लोकांना वाटते" हे सांगायला "पीपल थिंक राइस इज फॅटनिंग" हे बरोबर इंग्रजी आहे. पोस्टरवर मी 'कॉजेस वेट गेन' लिहायला सांगते. भिंतीवर लावलेल्या कागदावर कोणाच्या अंगकाठीबद्दल 'फॅट' लिहिलेले वाचून कोणालाही बरे वाटत नाही.

४. हा गैरसमज नेमका कोणत्या जातीचा?

इथे वेळ द्या. मराठीत 'गैरसमज' हा एक शब्द सगळीकडे चालतो. इंग्रजीत त्याच्या कामाच्या वाटण्या झाल्या आहेत, आणि चुकीच्या वाटणीतला शब्द घेतला की वाक्य व्याकरणात बसूनही परके वाटते.

'मिसअंडरस्टँडिंग' म्हणजे बहुधा कोणाचे तरी बोलणे किंवा लिहिणे चुकीचे समजणे. आशाताई (गावातल्या आशा कार्यकर्त्या) म्हणाल्या "तेल कमी करा", घरी ऐकले "तेल बंद करा", ही मिसअंडरस्टँडिंग. दोन माणसांत बिनसले तर तीही. पण "भाताने पोट सुटते" हे कोणी चुकीचे ऐकलेले नाही, ते मनात बसलेले आहे. त्याला 'मिसकन्सेप्शन' म्हणा. "अ कॉमन मिसकन्सेप्शन अबाउट डाएटिंग" ही शब्दरचना इंग्रजी वाचणाऱ्याला ओळखीची आहे.

'मिथ' तेव्हा, जेव्हा समज तोंडोतोंडी सगळीकडे पसरलेला आहे. मध-लिंबू-कोमट पाण्याने चरबी वितळते, हे अमरावतीतही ऐकू येते आणि मेळघाटातल्या दुकानावरही. 'डाएट मिथ' हा जोडशब्द पोस्टरला चांगला, लहान आणि ठसठशीत. रिपोर्टच्या मजकुरात मात्र प्रत्येक ओळीत मिथ-मिथ नको.

'फॅलसी' म्हणजे तर्काची चूक. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ किलोकॅलरी, एक ग्रॅम प्रोटीन किंवा कार्बोहायड्रेटमध्ये ४. इथवर खरे आहे. "म्हणून तेल-तूप पूर्ण बंद केले की तब्येत सुधारते" ही फॅलसी. सुरुवात खरी आहे, निष्कर्ष घसरला, कारण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जायला आहारात थोडी स्निग्धता लागतेच. असा समज लिहिताना खरा भाग खरा आहे हे आधी मान्य करा आणि मग घसरलेली पायरी दाखवा. वाचणाऱ्याला ते जास्त पटते.

'सुपरस्टिशन' आमच्या मुलांच्या लेखणीतून सगळ्यात आधी येतो. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम मोठे आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आपल्याकडचाच, त्यामुळे शब्द जिभेवर आहे. पण सुपरस्टिशनमध्ये शकुन-अपशकुन, नजर, ग्रहण, दैवी कोप असे काही लागते. गरोदर बाईने ग्रहणात खाऊ नये, याला सुपरस्टिशन म्हणता येईल. भाताने वजन वाढते, याला नाही. त्यात दैवी काहीच नाही, शरीराबद्दलचा अंदाज चुकला आहे. 'ब्लाइंड फेथ' तर आणखी वेगळे, एखाद्यावर आंधळेपणाने टाकलेला विश्वास. 'सुपरस्टिशन'च्या जागी ते घालू नका.

समाजात ठराविक अवस्थेत ठराविक पदार्थ वर्ज्य असेल, तर अभ्यासाच्या लिखाणात 'फूड टॅबू' म्हणतात. "फूड टॅबूज ड्युरिंग प्रेग्नन्सी" हे शीर्षक पपई-तिळाच्या प्रोजेक्टला नेमके बसते, आणि त्यात समज बरोबर की चूक याचा निवाडा आधीच केलेला नसतो. सर्व्हे रिपोर्टसाठी हा मोठा फायदा आहे.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या खोट्या माहितीला 'मिसइन्फर्मेशन' म्हणा. हा शब्द अनेकवचनात जात नाही, शेवटी 'एस' लावू नका. सात दिवसांत सात किलो असे सांगणाऱ्या, काही काळ चालून विरणाऱ्या आहाराला 'फॅड डाएट' म्हणतात.

'ओल्ड वाइव्ज टेल' हा वाक्प्रचार काही जणी शोधून आणतात. इंग्रजी बरोबर आहे, तरी मी तो पोस्टरवरून काढायला लावते. त्यात म्हाताऱ्या बायांच्या सांगण्याला हसणे आहे. जवसाची चटणी ताटात ठेवा हेही आजीनेच सांगितलेले असते, आणि जवसात ओमेगा-३ गटातले अल्फा-लिनोलेनिक ॲसिड भरपूर असते.

यातले काहीच जमत नसेल तर 'मिस्टेकन बिलीफ' लिहा, तो कुठेही चालतो. शेवटचा 'एन' सोडू नका, 'मिस्टेक बिलीफ' असे काही नसते.

५. जोडशब्द

पुढे नाम असेल तर 'मिसकन्सेप्शन अबाउट'. पुढे पूर्ण वाक्य असेल तर 'मिसकन्सेप्शन दॅट'. समज ज्यांचा आहे त्यांच्यासाठी 'अमंग'. "अ मिसकन्सेप्शन अमंग न्यू मदर्स दॅट फ्रूट हार्म्स द बेबी", यात तिन्ही उत्तरे आली. 'बिलीव्ह ऑन' नको. 'बिलीव्ह इन राइस' म्हणजे भातावर श्रद्धा ठेवणे, तेही नको, 'बिलीव्ह दॅट' घ्या. गैरसमज दूर करण्यासाठी 'रिमूव्ह'पेक्षा 'करेक्ट' किंवा 'क्लिअर अप' बरे वाटते. मिथ 'डिबंक' करतात.

६. जे शब्द फक्त आपल्याकडे अर्थ देतात

"हॉट फूड" वाचून बाहेरचा माणूस वाफाळते किंवा तिखट जेवण समजतो. सावजी रस्स्याला ते शोभेल. पपई, तीळ, गूळ 'उष्ण' आहेत असे आपण म्हणतो तेव्हा ताटातले तापमान आपल्या मनात नसते. एकदा समजावून द्या आणि मग शब्द वापरा: "फूड्स ट्रॅडिशनली क्लास्ड ॲज 'हॉट', व्हॉटेव्हर देअर ॲक्च्युअल टेम्परेचर." यानंतर 'हॉट' अवतरणचिन्हात ठेवून चालवता येतो. संशोधनाच्या लेखांतही असेच लिहितात.

उपवासाचेही तसेच. 'फास्टिंग' म्हटले की इंग्रजी वाचकाला पोट रिकामे दिसते. आपल्या चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, भगर असते. "ऑन फास्टिंग डेज पीपल गिव्ह अप देअर यूज्वल मील्स बट ईट टॅपिओका पर्ल्स, पीनट्स अँड बार्नयार्ड मिलेट" असे एक वाक्य टाका. आणि चतुर्थीच्या उपवासाला 'इंटरमिटंट फास्टिंग' लिहू नका. ती वजनासाठी वेळ बांधून खाण्याची पद्धत आहे, व्रताचा हेतू वेगळा असतो.

सर्व्हेत लोकांचे बोलणे वऱ्हाडीत टिपलेले असते: "भात खाल्ला का पोट सुटते", "कितीबी खाल्लं तं अंगी लागत नाही". शब्दाला शब्द लावल्याने पहिल्याचे "स्टमक लीव्हज" आणि दुसऱ्याचे "फूड डज नॉट टच द बॉडी" होते. पहिल्यासाठी "ईटिंग राइस गिव्हज यू अ बेली" आणि दुसऱ्यासाठी "हाउएव्हर मच आय ईट, आय डोन्ट पुट ऑन वेट" लिहा. परिशिष्टात मूळ वऱ्हाडी वाक्य देवनागरीत जसेच्या तसे ठेवा. ते तुमचे खरे पुरावे आहेत, इंग्रजी वाक्य त्यांच्यावरून केलेले आहे.

७. आता नेटवर ताडून बघा

शब्दाची जात ठरली की वाक्य खरेच चलनात आहे का ते बघा. शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हात घालून गूगलवर शोधा आणि निकालांच्या आकड्यापेक्षा ते कुठून आले आहेत ते पाहा. आपल्याच भागातल्या प्रोजेक्टच्या पीडीएफ एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, तिथे तीच चूक पन्नास ठिकाणी भेटेल. विद्यापीठ, आरोग्यसंस्था, मोठे वर्तमानपत्र असे ठिकाण हवे.

गूगलचे एनग्रॅम व्ह्यूअर हे साधन २०१० पासून आहे आणि फुकट आहे. 'कॉमन मिसकन्सेप्शन' आणि 'कॉमन मिसअंडरस्टँडिंग' स्वल्पविराम देऊन टाका, छापील पुस्तकांत कोणते किती येते याच्या रेषा दिसतात. कोका नावाचा, अमेरिकी इंग्रजीतल्या प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा मोठा संग्रह आहे, नोंदणी करून रोज ठराविक शोध करता येतात. प्रबंध लिहिणाऱ्यांनी तो शिकून घ्यावा, पोस्टरसाठी गरज नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातली उदाहरणवाक्येही वाचा. मराठी अर्थ देणाऱ्या कोशात मिथ, मिसकन्सेप्शन, मिसअंडरस्टँडिंग या तिन्हींसमोर 'गैरसमज' दिसेल आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच परत याल.

व्याकरण तपासणाऱ्या ॲपवर पहिली तपासणी सोपवू नका. "इट इज अ मिथ दॅट बनानाज डू नॉट कॉज कोल्ड्स" हे व्याकरणात निर्दोष आहे. तुम्हाला काय म्हणायचे होते ते ॲपला माहीत नसते.

८. वाक्य कोणाबद्दल आहे, आणि ते त्यांच्यासमोर वाचता येईल का?

'इग्नोरंट व्हिलेजर्स', 'इल्लिटरेट लेडीज', 'बॅकवर्ड थिंकिंग' हे शब्द रिपोर्टमधून काढा. ते तपासायला घेतलेल्या समजाबद्दल काहीच सांगत नाहीत. "सम ऑफ द वुमेन वी स्पोक टु बिलीव्ह्ड दॅट" एवढे पुरे, आणि ते अधिक अचूकही आहे, कारण तुम्ही सगळ्या गावाशी बोललेला नसता.

याहून महत्त्वाचे म्हणजे समजामागचे कारण लिहा. गरोदरपणी मुद्दाम कमी खाण्याला इंग्रजी लेखांत 'ईटिंग डाउन' असे नाव आहे. आमच्याकडे सासवा सांगतात, "लेकरू मोठं होईन तं बाळंतपण अवघड जाईन." दवाखाना लांब, पावसाळ्यात नाला भरला की रस्ता बंद, अशा गावात ही भीती खरी आहे. चुकला आहे तो उपाय. "वुमेन ईट लेस बिकॉज दे फिअर अ डिफिकल्ट डिलिव्हरी फार फ्रॉम अ हॉस्पिटल. इन फॅक्ट, ईटिंग टू लिटल पुट्स बोथ मदर अँड बेबी ॲट रिस्क." असे लिहिले की त्या बाईलाही हे वाक्य तोंडावर वाचून दाखवता येते.

वाक्य कोणासाठी आहे हेही लिहायलाच हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या साधारण पाचपैकी एका स्त्रीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) १८.५ च्या खाली, म्हणजे वजन कमी होते, आणि त्याहून थोड्या जास्त स्त्रिया वजनाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. देशभरात या वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे एकाच उपकेंद्राच्या रांगेत वजन उतरवायची गरज असलेली आणि वाढवायची गरज असलेली अशा दोघी उभ्या असतात. शहरातल्या साइटवरून उचललेले "कट डाउन युअर मील्स" वाचून कोणती बाई घरी जाऊन जेवण कमी करेल, ते आपल्या हातात राहत नाही. "फॉर ॲडल्ट्स हू आर ओव्हरवेट" एवढे शब्द वाक्याच्या सुरुवातीला टाका.

९. समज खरेच चुकीचा आहे का?

सगळ्यात अवघड तपासणी शेवटी, कारण इथे भाषा संपते आणि आहारशास्त्र सुरू होते. 'मिथ' लिहिणे म्हणजे निकाल देणे. निकाल द्यायला आधार हवा.

पपईचेच बघा. "पपई अँड प्रेग्नन्सी: मिथ" असे सरळ लिहून टाकतात. पण कच्ची आणि पिकलेली पपई एक नाही. कच्च्या पपईतल्या चिकाबद्दल गरोदरपणात सावध राहायला सांगितले जाते. सरसकट मिथ म्हटले तर कच्च्या पपईची भाजीही त्यात आली. ज्वारीचेही तसेच. "भाताने शुगर वाढते, भाकरीने वाढत नाही" यातला दुसरा भाग चुकीचा आहे. १०० ग्रॅम कोरडी ज्वारी आणि १०० ग्रॅम तांदूळ यांतली ऊर्जा जवळजवळ सारखी, ३३० ते ३६० किलोकॅलरीच्या आसपास, आणि दोन्हींत मुख्य भाग पिष्टाचा. ज्वारीत तंतू जास्त, हा तिचा गुण. म्हणून "जवार इज बेटर, बट पोर्शन साइझ स्टिल मॅटर्स" असे मोजून लिहावे लागते.

पुराव्याची भाषाही जपून वापरा. "देअर इज नो एव्हिडन्स दॅट लेमन वॉटर मेल्ट्स फॅट" आणि "स्टडीज प्रूव्ह दॅट लेमन वॉटर इज यूसलेस" ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले तुम्हाला सांभाळता येते, दुसऱ्यासाठी तुमच्या हातात अभ्यास हवेत. लिंबूपाणी प्यायला काही हरकत नाही, त्याने चरबी वितळते हा दावा तेवढा टिकत नाही.

आधारासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे घ्या, त्यांची नवी आवृत्ती २०२४ मध्ये आली आहे आणि त्यात १७ तत्त्वे आहेत. तुमचा मुद्दा त्यात सापडला तर त्याच शब्दांच्या जवळ राहा. नाही सापडला तर 'मिथ' हा शब्द काढून 'बिलीफ' ठेवा.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

समज चूक की बरोबर हे तुम्हाला स्वतःलाच पक्के माहीत नसेल, तर वाक्य सुधारत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा जिल्हा रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना मजकूर दाखवा. मी स्वतः अशा ठिकाणी थांबते, कारण इंग्रजी चांगले असणे आणि आहाराचे ज्ञान असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण आणि सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांबद्दलचे एकही वाक्य डॉक्टरांनी वाचल्याशिवाय छापू नका. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. "एव्हरी वीक पर्सन शुड टेक आयर्न टॅब्लेट्स" असे सरसकट वाक्य त्यांच्यासाठी बरोबर नाही, लोह कमी आहे का ते तपासून डॉक्टर ठरवतात.

सर्व्हे करताना समोर माणूसच आजारी दिसला, तर लेखणी बाजूला ठेवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते अतितीव्र कुपोषण आहे, त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा. वजनाच्या धास्तीने एखादी मुलगी जेवण टाळत असेल, पाळी थांबली असेल, चक्कर येत असेल, तर तिला पोस्टर दाखवून उपयोग नाही, डॉक्टरांकडे न्या.

प्रबंध किंवा जर्नलला पाठवायचा लेख असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या करून मग भाषा-संपादकाकडे द्या. पाठवताना प्रत्येक इंग्रजी वाक्यासमोर तुमचे मूळ मराठी किंवा वऱ्हाडी वाक्य आणि ते कोणत्या गटाने सांगितले ते लिहा. नुसते इंग्रजी पाठवले तर संपादक व्याकरण नीट करून देईल, आणि उलटा झालेला अर्थ तसाच राहील.